प्लेगच्या फायलीतलं सिडनी

सोमवार, रात्री उशिरा

जुने फोटो म्हटलं की इथे सगळ्यात आधी १९०१ चं फेडरेशन, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या वसाहती मिळून एक देश झाला तो सोहळा, समोर येतं. १ जानेवारीची मिरवणूक, पताका, घोडदळ, आणि सिडनीच्या रस्त्यांवर उभारलेल्या त्या अवाढव्य कमानी, एक कोळशाची, एक लोकरीची, एक गव्हाची. भारी आहेत, प्रश्नच नाही. पण थोड्या वेळाने कंटाळा येतो कारण प्रत्येक जण त्या दिवशी फोटोत दिसायलाच घराबाहेर पडलाय. स्टुडिओतले फोटो तर विचारूच नका, बाप खुर्चीत, आई मागे उभी, मुलं इस्त्रीत, आणि मागे रंगवलेला पडदा. आपल्याकडे तरी काय वेगळं, पणजोबांचा पगडीतला एकमेव फोटो बघून ते घरात कसे बसायचे ते कधी कळणार.

मग आज स्टेट अर्काइव्ह्जच्या स्कॅन्समध्ये भटकता भटकता प्लेगचे अल्बम सापडले आणि झोप गेली.

१९०० साली सिडनीत प्लेग आला होता, हे इतकी वर्षं इथे राहून मला धड माहीत नव्हतं. जानेवारीत पहिला पेशंट, आर्थर पेन नावाचा, धक्क्यावरून माल वाहणारा माणूस, द रॉक्स या धक्क्यालगतच्या जुन्या वस्तीतल्या फेरी लेनमध्ये राहायचा. त्याला आणि घरच्यांना उचलून नॉर्थ हेडच्या क्वारंटीन स्टेशनवर नेलं. तो वाचला. पुढच्या आठेक महिन्यांत ३०३ जणांना प्लेग झाला आणि १०३ गेले. आकडा मुंबईच्या मानाने काहीच नाही, पण शहर जाम घाबरलं. धक्क्यालगतचे भाग दोऱ्या बांधून बंद केले आणि २४ मार्च ते १७ जुलै जोरात साफसफाई चालली, आणि ती करताना सरकारने प्रत्येक बोळ, परसू, शेड, संडास यांचे फोटो काढून ठेवले. का, तर पुरावा म्हणून. बघा किती घाण होती, म्हणून पाडलं, असं म्हणता यावं म्हणून.

आता त्या सरकारी फोटोग्राफरला फक्त गटार दाखवायचं होतं. पण कॅमेरा काचेच्या प्लेटचा, तो काही निवडून घेत नाही. गटाराबरोबर सगळंच आलं.

एक फोटो मी कितीतरी वेळ मोठा करून बघत बसले. विटांचं बुटकं परसू, कोपऱ्यात संडास, पत्र्याची शेड कलंडलेली, बाकड्यावर धुण्याची टब उपडी घातलेली, वर दोरीवर धुणं आणि दोरी मध्ये खाली येऊ नये म्हणून तिला लाकडी बेचक्याचा टेकू दिलेला. दारात एक बाई, बाह्या वर सरकवलेल्या, ऍप्रनला हात पुसता पुसता थांबल्यासारखी. चेहऱ्यावर सरळसरळ "काय काम आहे?" असं लिहिलंय. तिच्या शेजारी एक पोर हललंय म्हणून त्याचा नुसता धूर झालाय. आणि मागच्या खिडकीला पडदा आहे. स्वच्छ, पांढरा, कडेला लेसचा. फोटो घाणीचा आहे हो, पण पडदा नीळ दिलेला आहे.

तेव्हा इथे सोमवार हा धुण्याचा दिवस. तांब्याच्या मोठ्या हंड्यात कपडे उकळायचे, साबण किसून, मग दांडक्याने काढून पिळायचे, शेवटच्या पाण्यात नीळ. रेकिटची नीळ. आमच्याकडे आई रॉबिन ब्लू वापरायची, तीही त्याच कंपनीची. दोरीचे टेकू विकणारा माणूस वेगळा, तो रानातून बेचक्याच्या लांब काठ्या तोडून आणून गल्लीत ओरडत विकायचा. ससे विकणाराही ओरडत यायचा, त्याला रॅबिटो म्हणायचे, गिऱ्हाइकासमोरच कातडं सोलून द्यायचा. रिकाम्या बाटल्या घेणारा तो बॉटलो. बर्फवाला, दूधवाला वेगळेच. म्हणजे गल्लीत शांतता अशी नसणारच कधी, फोटोत ती उगाच वाटते.

मंगळवार

आईला सकाळी फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, म्हणजे तुमच्याकडे पण होता होय प्लेग?" तुमच्याकडे म्हणे. मग तिने पुन्हा एकदा आजीच्या सासूबाईंची गोष्ट सांगितली, की प्लेगच्या साली घरदार बंद करून गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहिले, तीन दगडांची चूल, आणि रात्री कोल्हे. ऐकलेली आहे शंभरदा, पण आज वेगळी ऐकू आली.

कारण धागा खरंच एकच आहे. १८९४ ला हाँगकाँग, १८९६ ला मुंबईत मांडवी, तिथून पुणे, आणि बोटींबरोबर जगभर. सिडनी त्याच साखळीत. मुंबईत हाफकिनने बनवलेली लस सिडनीतही टोचली. आणि उंदरावरच्या पिसवांमुळे हे होतं ही गोष्ट, जी सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवली आणि तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही, तिला इथल्या ऍशबर्टन थॉम्पसन या सरकारी डॉक्टरने पुढे चांगलाच आधार मिळवून दिला. म्हणून इथे उंदरांवर जोर. पगारी उंदीर मारणारे नेमले, त्यांचा ग्रुप फोटो प्रसिद्ध आहे, मिशाळ माणसं, हॅट घातलेली, कुत्री, आणि पुढ्यात मेलेल्या उंदरांचा ढीग, क्रिकेट टीम शील्ड घेऊन बसते तसे बसलेत. खुशीत आहेत सगळे.

पुण्यात काय झालं ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. रँड, घराघरात शिरणारे सोल्जर, २२ जून १८९७, गणेशखिंड. इथे सोल्जर नव्हते, पण माणसांना उचलून क्वारंटीनला इथेही नेलंच, आणि खापर इथेही कुणावर तरी फुटायचंच होतं, ते चिनी वस्त्यांवर फुटलं. एक गोष्ट वाचून मात्र मी थांबले. सफाईच्या कामावर त्याच बंद केलेल्या भागातल्या लोकांना रोजंदारीवर घेतलं होतं. म्हणजे रोज मजुरी मिळवायची ती आपलंच घर धुवायची, चुना मारायची आणि कधी कधी पाडायचीही. धक्क्यावरचं काम बंद झालेलं, नाही म्हणणार कोण.

आणि त्यानंतरचं तर अगदी ओळखीचं. मुंबईत प्लेगनंतर १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. सिडनीत सरकारने द रॉक्स आणि धक्क्याकडची जागा ताब्यात घेतली, १९०१ ला बंदराचा कारभार बघायला हार्बर ट्रस्ट. रोग गेला, जागा राहिली सरकारकडे. पुढे हार्बर ब्रिजच्या वेळी उरलेल्यातलं अजून पाडलं.

शनिवार

आज द रॉक्सला जाऊन आले. ग्लॉस्टर स्ट्रीटवर सुझॅना प्लेस म्हणून चार घरांची रांग आहे, १८४४ ची, कोपऱ्यावर किराणा दुकान, आता म्युझियम केलंय. ही घरंही १९०० ला सरकारजमा झाली पण पाडायची राहिली, लोक अगदी १९९० पर्यंत राहत होते. घरं केवढीशी! जिने इतके अरुंद की मला पर्स पोटाशी धरून चढावं लागलं. मागे परसू, संडास बाहेर, धुण्याचा हंडा बाहेर. फोटोत हे सगळं सपाट दिसतं, इथे उभं राहिल्यावर कळतं की त्या हंड्यापासून दोरी तीन पावलांवर आहे आणि ओल्या चादरी घेऊन वळायलासुद्धा जागा नाही.

पलीकडेच कंबरलँड स्ट्रीटच्या बाजूला पाडलेल्या घरांची जागा १९९४ मध्ये खणली, पाये तसेच ठेवलेत आणि वर खांबांवर युथ हॉस्टेल उभं केलंय. त्या खोदकामात काय निघालं तर चांगल्या नक्षीच्या बशा, कप, चिनी मातीची भांडी, मुलांची खेळणी. ज्यांना सरकारी कागदात झोपडपट्टी म्हटलं त्या लोकांची कपाटं अशी होती. मला लगेच तो लेसचा पडदा आठवला. फोटोग्राफरला आत बोलावलं असतं तर बशाही दिसल्या असत्या, पण बश्यांच्या फोटोवर घर पाडता येत नाही ना.

याच गल्ल्यांमध्ये प्लेगनंतरच्या दहा वर्षांत हॅरल्ड कॅझनो नावाचा फोटोग्राफर फिरत होता, स्टुडिओत नोकरी, फेरीने यायचा आणि जाता येता, जेवणाच्या सुट्टीत फोटो काढायचा. १९०९ ला त्याचं स्वतःचं प्रदर्शन झालं. त्याची सिडनी धूसर, उन्हाच्या तिरिपी, वाफ, घोडागाडी, खेळणारी पोरं. सुंदर आहेत, मला आवडतात, पण खरं सांगू, त्यात कुणाला घाम येत नाही. तो कलाकार होता, त्याने निवडलं. मला सध्या न निवडलेलं बघायचंय.

रविवार

न निवडलेलं म्हणजे पोलिसांचे फोटो. सर्क्युलर कीजवळ जुन्या कोर्टात जस्टिस अँड पोलीस म्युझियम आहे, तिथला हा खजिना. पुराचं पाणी शिरलेल्या लिडकमच्या एका गोदामातून वाचवलेल्या काचा. त्यात १९१० ते १९३० मधले साधारण अडीच हजार "स्पेशल" फोटो आहेत, नुकतंच पकडून आणलेल्या लोकांचे. पाटी धरून उभं केलेलं नाही. पकडला तसा, स्वतःच्या कपड्यात, हवं तसं उभं राहा म्हटलेलं दिसतंय. कुणी खिशात हात घालून, कुणी हॅट तिरकी करून, एक बाई फर कॉलर घालून अशी बघते की पोलीसच गडबडला असेल. सूट झकास आणि कोपर झिजलेलं. बुटाला चिखल. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस रस्त्यावर कसा दिसायचा हे मला कुठल्याही स्टुडिओ फोटोपेक्षा इथे जास्त कळलं.

आणि गुन्ह्याच्या जागांचे फोटो. ते बघावेत की नाही असं वाटतं, काहीत फारच वाईट आहे, ते मी पुढे ढकलले. पण बऱ्याच फोटोंत माणूसच नाही, नुसती खोली. न आवरलेली गादी, टेबलावर कप, भिंतीला कॅलेंडर, खुंटीवर कोट. कुणाही पाहुण्याला आपण अशी खोली दाखवणार नाही. पोलीस न विचारता आले म्हणून ती राहिली.

बुधवार

ऑफिसात लंचला डब्यातली पोळी खात खात नॅशनल अर्काइव्ह्जचं एक पान उघडलं आणि घास तसाच राहिला.

१९०१ च्या कायद्याने गोरे नसलेल्यांना इथे यायला डिक्टेशन टेस्ट होती, कुठल्याही युरोपियन भाषेतले पन्नास शब्द लिहून दाखवायचे, भाषा अधिकारी निवडणार. म्हणजे नापासच करायचं होतं, १९०९ नंतर कुणी पास झालं नाही आणि तरी ती परीक्षा १९५८ पर्यंत चालू. आता जे आधीपासून इथे राहत होते, चिनी माळी, शिपवरचे लोक, पंजाबी फेरीवाले जे घोडागाडीत कापड, सुया, बटणं घेऊन शेतावरच्या घरांपर्यंत जायचे, उंटवाले ज्यांना सरसकट अफगाण म्हणायचे आणि त्यात बलुची, पेशावरी सगळे असायचे, यांना घरी जाऊन परत यायचं तर त्या परीक्षेतून सूट मिळाल्याचं सर्टिफिकेट लागायचं. त्यावर दोन फोटो, एक समोरून एक बाजूने. आणि मागे हाताचा ठसा. अख्ख्या पंजाचा, शाईत बुडवून.

हजारो आहेत असे. आणि गंमत बघा, ज्या देशाला ही माणसं नकोच होती त्याच देशाने त्यांचे चेहरे असे जपून ठेवले की आज पोरंटोरं पणजोबांना तिथे शोधतात. फेट्याची घडी दिसते, कोटाचं निसटलेलं बटण दिसतं, एकाने टाय बांधलाय तो नक्की कुणाकडून तरी मागून आणलाय, गाठ बघून कळतं. फेरीवाला काय काय विकायचा ते पुस्तकात मिळेल, पण त्याला टाय बांधता येत नव्हता हे फक्त इथे.

मी व्हिसाच्या वेळी बायोमेट्रिकला गेले होते तेव्हा बोटं काचेवर ठेवून दिली आणि पुढच्या कामाला लागले. रात्री घरी नवऱ्याला ते पंजे दाखवले, तो म्हणाला, "अरे यांच्या हातावरच्या रेषा पण वाचता येतील." हो, कोणीतरी ज्योतिषी गाठायला हवा.

जन्मगाव म्हणून बॉम्बे टाकून सर्च केलं तर याद्या येतात, त्या नीट बघायच्यात. मराठी आडनाव मिळेल का ही खाज आहेच. इंग्रज कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलेलं असणार, तेव्हा शोधताना डोकं वाकडं करूनच शोधावं लागेल.

हॉलची भिंत अजून रिकामी आहे. नवरा म्हणतो हार्बर ब्रिजचा मोठा फोटो लावू, १९३२ च्या उद्घाटनाचा, पाहुण्यांना कळतो. मला ती ऍप्रनवाली बाई हवी आहे, धुण्याच्या दोरीसकट, प्रिंट ऑर्डर करायला टॅब उघडाच ठेवलाय. तो म्हणतो संडासाचा फोटो हॉलमध्ये कोण लावतं. क्रॉप करता येईल म्हणाला. क्रॉप नाही करायचं, तिथेच आमचं अडलंय.