चहाच्या पैशात क्वांटम? सांगलीतून केलेली एक महागडी सफर

सफर म्हणजे क्वांटम संगणकाची, विश्रामबागेतल्या माझ्या खोलीतून, खुर्चीवरून न उठता केलेली. तरी भर उन्हात दंडोबाचा डोंगर चढून आल्यासारखा दमलोय, आणि खिसाही हलका झालाय. पुण्यातल्या एका कार्यशाळेत वक्त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "क्वांटम आता चहाच्या पैशात." मी विश्वास ठेवून निघालो. तुम्ही ठेवू नका.

पायथन येतं, किस्किट (क्वांटम सर्किटं लिहायची पायथन लायब्ररी) बसवलेलं आहे, सर्किट कशाशी खातात ते ठाऊक आहे, एवढं धरून चालतो. नसेल तर आधी ते उरका.

पहिले काही दिवस मजेत गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. लॅपटॉपवरचा सिम्युलेटर, म्हणजे क्वांटम यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, फुकट. आयबीएमच्या मोफत योजनेत दर २८ दिवसांना खऱ्या यंत्राची १० मिनिटं मिळतात, आणि रांगेत ताटकळलेला वेळ त्यातून कापत नाहीत. शिकायला रग्गड आहे. तिथेच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण मला आयन ट्रॅपच्या, म्हणजे विद्युतभारित अणू पकडून चालणाऱ्या यंत्राची हौस. दुसऱ्या एका क्लाऊडवर खातं उघडलं, कार्ड जोडलं. तेव्हा दर असा होता: प्रत्येक टास्कला (यंत्राकडे पाठवलेल्या सर्किटला) ३० सेंट, शिवाय प्रत्येक शॉटला (ते सर्किट एकदा चालवायला) ३ सेंट. ३० सेंट म्हणजे साधारण पंचवीस रुपये, तो झाला वक्त्याचा चहा. भज्यांचं कोणी बोललंच नव्हतं! १०० शॉटचं एक टास्क ३.३० डॉलरला पडायचं.

तरी एका टास्कने कोणी बुडत नाही. बुडवतो तो लूप. माझा प्रयोग हायड्रोजनच्या रेणूची ऊर्जा काढायचा, दोन क्युबिटचा (क्युबिट म्हणजे क्वांटम बिट) व्हीक्यूई, म्हणजे सर्किटमधले कोन बदलत सर्वात कमी ऊर्जा शोधायची पद्धत. पुढचे कोन सुचवणारा ऑप्टिमायझर एसपीएसए. तो दर फेरीत ऊर्जा दोनदा मोजतो, आणि एकेका मोजणीला दोन सर्किटं लागतात, एक झेड बेसिसमधलं, एक एक्समधलं (बेसिस म्हणजे मोजायची दिशा). म्हणजे फेरीला चार टास्क, १३.२० डॉलर. मी फेऱ्या टाकल्या होत्या ५०. गुणाकार तेव्हा केला नाही. करायला हवा होता, चौथीतला आहे.

यंत्राची वेळ आपल्याकडे रात्री. अकरापर्यंत काही हलेना, म्हणून ब्राउझर बंद करून झोपलो. बंद झाला तो फक्त टॅब, कोड चालवणारं भाड्याचं नोटबुक तिकडे क्लाऊडवर जागंच. पहाटे सहाला पाहिलं तर बारा फेऱ्या, ४८ टास्क पार. कर्नल, म्हणजे चालू कोड, मारला. हिशोब: १५८.४० डॉलर. त्यातला चहा १४.४०, भजी १४४. वर १८ टक्के जीएसटी, एकूण १८६.९१. रुपयांत सोळा हजारांच्या आसपास.

२० डॉलरचा बजेट अलर्ट लावला होता बरं का. त्याचा मेल सकाळी दहाला आला. बैल गेला नि झोपा केला! बिलाचे आकडे तासन् तास उशिरा पोचतात, आणि अलर्ट नुसती वर्दी देतो, काम थांबवत नाही.

बाबांची तासगावकडे द्राक्षबाग आहे. त्यांना फोनवर सगळं सांगितलं, तर एवढंच विचारलं, "मोटर बंद करून झोपला होतास का?"

आणि मिळालं काय? यंत्राचं उत्तर उणे १.०८ हार्ट्री (रेणूंच्या ऊर्जेचं एकक). लॅपटॉपने काही सेकंदांत उणे १.१३७ दिलं, आणि या दोन क्युबिटच्या मॉडेलचं बरोबर उत्तर तेच आहे. शॉट वाढवून भागत नाही. सांख्यिकी चूक दहापट कमी करायची तर शंभरपट शॉट लागतात. एरर मिटिगेशन, म्हणजे यंत्राच्या चुकांचा परिणाम कमी करायची युक्ती, लावू म्हटलं, तर या यंत्रावर त्याला किमान २,५०० शॉट लागत होते, म्हणजे टास्कमागे शॉटचेच ७५ डॉलर. हात जोडले.

जायचंच असेल तर असं जा. सगळा लूप घरी सिम्युलेटरवर चालवा. २८ क्युबिटपर्यंत स्टेटव्हेक्टरला (क्युबिटांची पूर्ण अवस्था साठवणाऱ्या आकड्यांच्या यादीला) ४ जीबी मेमरी पुरते, पुढे प्रत्येक क्युबिटला दुप्पट. शेवटचे कोन तेवढे घेऊन खऱ्या यंत्रावर जा. माझी दोन सर्किटं ६.६० डॉलरमध्ये झाली असती. टास्क पाठवणाऱ्या फंक्शनमध्येच टास्क आणि शॉटचा हिशोब ठेवा, ठरवलेला आकडा ओलांडला की कोडने स्वतःच नकार दिला पाहिजे. अलर्टवर विसंबू नका. आयन ट्रॅपवर लूप चालवणं म्हणजे, माझ्या मते, पगारी माणसाचं काम नाही. ज्याला ग्रँट आहे त्याने करावं.

आणि नोटबुक नुसतं बंद करून सोडू नका, डिलीट करा. कन्सोलवर निवडलेल्या रीजनपुरतंच (क्लाऊडची डेटा सेंटरं असलेल्या त्या एका भागापुरतंच) दिसतं. हे लिहिताना सहज दुसरा रीजन लावून पाहिला, तर पहिल्या दिवशी चुकून उघडलेलं एक नोटबुक तिथे अजून चालूच आहे, तासाला पाच सेंटने. ते मारतो आधी.