गळती नव्हती, तरी निर्वात टिकेना

फोंडा तालुक्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीत वनस्पतींचे अर्क काढणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी प्रक्रिया विभाग सांभाळते. कुळागरांतून, म्हणजे गोव्यातल्या सुपारी-मसाल्याच्या बागांतून, आलेल्या मिरीचा इथेनॉलमध्ये (अल्कोहोलमध्ये) अर्क काढायचा, रोटरी इव्हॅपोरेटरवर (फिरत्या भांड्यात द्रव उडवणाऱ्या यंत्रावर) बहुतेक इथेनॉल उडवून परत मिळवायचे आणि उरलेला काळपट हिरवा, राळेसारखा चिकट पदार्थ व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ठेवून त्यात अडकून राहिलेले शेवटचे इथेनॉल काढून टाकायचे, असा आमचा क्रम असतो. ही शेवटची पायरी दिसायला सर्वांत सोपी असली तरी मालाचा दर्जा तिच्यावरच ठरतो. औषधांसाठी मान्य असलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार इथेनॉलची सर्वसाधारण मर्यादा दहा लाख भागांत ५००० भाग अशी आहे आणि आमचे खरेदीदार तीच मागतात. भरपूर उष्णता देऊन हे काम उरकता येत नाही. मिरीचा गंध ज्या पायनिन, लिमोनिन यांसारख्या घटकांमुळे येतो, ते सोबत उडून जातात आणि हाती उरतो तो नुसता तिखटपणा. नेहमीच्या हवेच्या दाबाला, म्हणजे सुमारे हजार मिलिबारला, ७८ अंशांवर उकळणारे इथेनॉल दाब ६० मिलिबारच्या आसपास उतरवला की खोलीच्या तापमानालाच उकळू लागते, म्हणून निर्वाताचा खटाटोप.

आमचा जुना ओव्हन बाहेरच्या भिंतींतून तापणारा होता. त्याला तेलावर चालणारा पंप आणि काट्याचा साधा दाबमापक जोडलेला होता. इथेनॉलची वाफ पंपाच्या तेलात मिसळून तेल दुधाळ होई आणि मग पंपाची ओढच कमी पडे. दाबमापकाची अडचण वेगळी होती. असा काटा आतला दाब बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाखवतो, आणि गोव्यात जानेवारीतली हवा आणि जुलैतली हवा यांच्या दाबात आठ-दहा मिलिबारचा फरक सहज पडतो. ज्या कामात आपल्याला शेवटचे दहा मिलिबारच मोजायचे असतात, तिथे असा काटा कितीही चकचकीत असला तरी निरुपयोगी ठरतो.

म्हणून या वर्षी आम्ही प्रत्येक फळीला स्वतःचा हीटर असलेला नवा ओव्हन, तेलाशिवाय चालणारा पंप, दोहोंच्या मध्ये वाफ थंड करून अडवणारा शीतसापळा आणि निरपेक्ष दाब (बाहेरच्या हवेशी तुलना न करता पूर्ण निर्वातापासून मोजलेला) दाखवणारा डिजिटल मापक घेतला. मापक निवडताना मी दाबाने वाकणाऱ्या आतल्या पातळ पडद्याच्या हालचालीवर चालणाऱ्या मापकाचा आग्रह धरला. तारेच्या तापमानावरून दाब ओळखणारा स्वस्त मापक हवेसाठी जुळवलेला असतो आणि द्रावकाची (अर्क काढायला वापरलेल्या द्रवाची, आमच्याकडे इथेनॉलची) वाफ समोर आली की चुकीचा आकडा सांगतो. दाराच्या गॅस्केटचाही (फट बंद करणाऱ्या रबरी पट्टीचाही) असाच विचार करावा लागतो. हेक्झेन हा द्रावक वापरणाऱ्याला सिलिकॉन चालत नाही, कारण ते फुगते. हेक्झेनला दाद न देणारे व्हायटन नावाचे रबर ॲसिटोनमध्ये फुगते. आमचे काम इथेनॉलचे असल्याने सिलिकॉन पुरेसे होते.

फळीतून तापणारे हे छोटे ओव्हन प्रामुख्याने कॅनडा आणि अमेरिकेतल्या काही राज्यांतल्या कायदेशीर गांजा-अर्क उद्योगामुळे प्रचलित झाले. तिथे ब्युटेन किंवा प्रोपेनने काढलेल्या अर्कातला द्रावक याच पद्धतीने कमी तापमानाला काढतात. ब्युटेन शून्याच्या किंचित खाली आणि प्रोपेन उणे ४२ अंशांवरच उकळते, तरीही घट्ट राळेत अडकल्यावर दोन्ही तासन्‌तास बाहेर येत नाहीत. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने चरस आणि गांजा यांवर बंदी आहे आणि आमच्या कारखान्याचा त्या मालाशी काही संबंध नाही. पण राळ आणि द्रावक यांचे नाते दोन्हीकडे सारखेच असते. मिरीत भरपूर सापडणारे कॅरिओफिलिन भांगेच्या झाडातही असते, त्यामुळे तिकडच्या लोकांचे अनुभव मी लक्षपूर्वक वाचत आले आहे.

ज्या दिवसाबद्दल सांगायचे आहे तो भर पावसाळ्यातला होता. आदल्या संध्याकाळी नव्या ओव्हनमध्ये पहिला मोठा घाणा (एका वेळचा माल) भरला होता. सकाळी पाहते तो दाब १४ मिलिबारवर अडकलेला. रिकामा असताना हाच ओव्हन एका मिलिबारच्या खाली जात होता. नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे त्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीला, पाठवला, तर इथेनॉल मर्यादेच्या दुपटीहून जास्त निघाले. आमचे फिटरकाका अनुभवी आहेत. त्यांनी दाराकडे बोट दाखवून सांगितले, “मॅडम, गॅस्केट गेलंय. दार उतरवूया.” ओव्हन पुरवणाऱ्याने फोनवर तापमान ६० अंशांवर नेण्याचा सल्ला दिला. माल त्याच आठवड्यात जायचा होता आणि मालक दारात उभे होते.

दार उतरवण्याआधी मी काकांना एकच गोष्ट करू देण्याची विनंती केली. पंपाकडची झडप पूर्ण बंद केली आणि दर मिनिटाला दाब वहीत लिहायला सुरुवात केली. बाहेरून हवा शिरत असेल तर ती ठरावीक वेगाने शिरत राहते, त्यामुळे आलेख सरळ रेषेत चढत जातो आणि थांबायचे नाव घेत नाही. आतल्या पदार्थातूनच वाफ सुटत असेल तर दाब आधी भरभर वाढतो आणि पुढे, वाफ आणि राळ यांचा समतोल जवळ आला की, मंदावत जातो. आमचा दाब काही मिनिटांत तिशीच्या पुढे गेला, मग रेंगाळला आणि पुढचा बराच वेळ जवळजवळ तिथेच राहिला. काकांनी वही हातात घेतली, आकडे पुन्हा पुन्हा वाचले आणि म्हणाले, “म्हणजे हवा आत येत नाहीये.” गॅस्केट निर्दोष होते.

मग रात्रभर ४५ अंशांवर ठेवूनही इतके इथेनॉल आत कसे राहिले, हा खरा प्रश्न होता. ओव्हनच्या स्क्रीनवरचे ४५ अंश हे फळीचे तापमान होते, मालाचे नव्हे. ओव्हनला जादा तारेसाठी एक छिद्र होते. त्यातून थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आत घेऊन त्याचे टोक थेट राळेत रोवले आणि पुन्हा निर्वात केले. आकडा उतरत उतरत ३१वर आला. एक ग्रॅम इथेनॉल उडताना आठशेहून अधिक जूल उष्णता घेते आणि ती राळेतूनच घेते. ही उष्णता खालून भरून यायला हवी होती आणि ती येत नव्हती. ट्रे बाहेर काढून उलटे केले तेव्हा कारण दिसले. जुन्या ओव्हनचे पातळ पत्र्याचे ट्रे वर्षांनुवर्षांच्या तापण्यामुळे मधोमध वर उचललेले होते आणि फळीला फक्त कडांवर टेकत होते. साध्या ओव्हनमध्ये खेळती हवा ही उणीव भरून काढते. निर्वातात तशी हवाच नसते, त्यामुळे जिथे धातूला धातू टेकतो तिथूनच मुख्यतः उष्णता चढते. थंड पडलेली राळ घट्ट होते आणि घट्ट राळेतून द्रावक आणखी सावकाश बाहेर येतो. पुरवठादाराचे ६० अंश ऐकले असते तर कडांवरचा माल करपला असता आणि मधला ओलाच राहिला असता.

दुपारी शेजारच्या वर्कशॉपमधून जाड ॲल्युमिनियमचे सपाट तुकडे कापून आणले, त्यांच्यावर टेफ्लॉनची शीट घातली आणि तोच माल पूर्वीच्या साधारण अर्ध्या जाडीने पसरला. थराची जाडी अर्धी केली की द्रावकाला बाहेर यायला लागणारा वेळ सुमारे एक चतुर्थांशावर येतो. हे गणित मला या सगळ्या प्रक्रियेतले सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यासाठी एक पैसाही खर्चावा लागत नाही. दाब मात्र टप्प्याटप्प्याने उतरवला. घाई केली तर राळ फेसाळून वर येते आणि वरच्या फळीच्या तळाला चिकटते. मध्येच वीज गेली तेव्हा झडप बंद करून नायट्रोजन सोडला. पावसाळ्यातली दमट हवा आत घेतली असती तर इथेनॉलच्या जागी पाणी काढत बसावे लागले असते, शिवाय इथेनॉलची वाफ आणि तापलेले हीटर यांच्यामध्ये हवा नसलेलीच बरी.

संध्याकाळी थर्मोकपल ४३ अंश दाखवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दाब दोन मिलिबारच्या खाली होता, झडप बंद केल्यावर तो अगदी थोडा वाढला आणि प्रयोगशाळेचा अहवाल मर्यादेच्या बराच आत आला. गंध शाबूत होता, याचा मला अधिक आनंद झाला. आता ट्रेचा सपाटपणा पट्टी लावून पाहिल्याशिवाय घाणा भरत नाहीत, आणि माल काढायचा की नाही हे घड्याळ नव्हे तर झडप बंद केल्यानंतरची दाबाची वाढ ठरवते. सर्वांत खालची फळी अजूनही वरच्या फळ्यांपेक्षा दोन अंश थंड राहते. तिच्यावर सध्या पातळ थर ठेवतो आणि तिचा हीटर तपासण्याचे काम काकांनी हाती घेतले आहे.