हेच निमंत्रण समजावे : पावसाळा ते दिवाळी 2025

मागची नोंद टाकून बरेच महिने झाले. तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं होतं की प्रवेशाला सगळीकडे क्यूआर कोड आल्यापासून आपला छंद, म्हणजे निमंत्रण नसताना कंपन्यांच्या नव्या गाड्या-फोनच्या कार्यक्रमांना जाणं, संपला का. संपला नाही, फक्त सांधा बदलला. या मोसमात कुठे आत गेलो, कुठून परत फिरलो आणि दारांचं एकूण काय चाललंय, ते लिहितो.

जुन्या मंडळींना माझे नियम पाठ आहेत, नव्यांसाठी पुन्हा. पत्रिका किंवा बिल्ला बनवायचा नाही. मी छपाईच्या धंद्यात आहे, ते माझ्या डाव्या हाताचा मळ आहे, आणि म्हणूनच नाही. पत्रकार, पोलीस, कॅमेरावाला, केटरिंगवाला अशी सोंगं घ्यायची नाहीत. यादीतल्या दुसऱ्याच्या नावापुढे टिक मारून घ्यायची नाही. गिफ्टच्या टेबलाकडे फिरकायचं नाही. लग्नात शिरायचं नाही. मंत्री येणार असतील तर त्या रस्त्यालाही जायचं नाही. एवढं सगळं वगळल्यावर उरलं काय, असं एकाने खवचटपणे विचारलं होतं. उरतं ते इतकंच: दारात उभं राहायचं आणि सांगायचं, "यादीत माझं नाव नाही, पण बघायचंय." हसा खुशाल. अलीकडे याच्याइतकं चालणारं दुसरं काही मला तरी दिसलेलं नाही.

जुलै

15 तारखेला बीकेसीत, म्हणजे मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात, मेकर मॅक्सिटीमध्ये, टेस्लाचं देशातलं पहिलं शोरूम उघडलं. उद्घाटनाला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस होते, म्हणजे माझ्यापुरता विषय तिथेच मिटला. एका मित्राने फोन करून चिडवलं, "घाबरलास काय?" हो, घाबरलो. बीकेसीचा इतिहास बघा. जानेवारी 2023 मध्ये पंतप्रधानांच्या कार्यक्रमाआधी लष्करातला असल्याचं ओळखपत्र दाखवून व्हीव्हीआयपी भागात शिरू पाहणाऱ्या एकाला पोलिसांनी तिथेच धरलं. जुलै 2024 मध्ये अंबानींच्या घरच्या लग्नात दोघे विनापत्रिकेचे सापडले, त्यातला एक यूट्यूबर. गुन्हे नोंदवले गेले, नोटिसा देऊन सोडलं. त्याच महिन्याच्या 1 तारखेपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली होती. तिच्या कलम 329 खाली गृह-अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. या कलमाचं सगळं वजन हेतूवर आहे, आणि खिशात खोटं ओळखपत्र असलं की हेतू सिद्ध करायला पोलिसांना फार घाम गाळावा लागत नाही.

ती गाडी मी पुढे एका रविवारी सरळ दारातून जाऊन बघितली. साठ लाखांच्या घरातली मॉडेल वाय. काचेला नाक लावून उभी असलेली पोरं जास्त बघण्यासारखी होती.

ऑगस्ट

हा महिना माझा. अंधेरी पूर्वेला विमानतळाजवळच्या एका हॉटेलात एका दुचाकी कंपनीने नवं मॉडेल आणलं. पत्रिकेवर वेळ सकाळी अकराची, असं गाडी विकणाऱ्या ओळखीच्याकडून कळलं होतं. मी मुद्दाम अकरा चाळीसला पोचलो.

ही वेळ नीट समजून घ्या, सगळं गणित तिथे आहे. फुकट निमंत्रणाच्या कार्यक्रमाला बोलावलेले सगळे कधीच येत नाहीत. पत्रकाराला त्याच सकाळी दुसरीकडे पाठवलेलं असतं, इन्फ्लुएन्सर रात्रीच्या पार्टीनंतर झोपलेला असतो, डीलर लोक एक्स्प्रेसवेवर अडकलेले असतात. अकराला नोंदणीच्या टेबलावर रेटारेटी असते, तेव्हा तुम्ही म्हणजे अडचण. पावणेबाराला रेटारेटी ओसरते आणि टेबलावर न उचललेले बिल्ले दिसायला लागतात. एबीसीडीप्रमाणे ओळीने मांडलेले, प्लॅस्टिकच्या खिशातले, पट्ट्या नीट गुंडाळलेल्या. त्या दिवशी 'एस'चा ढीग जवळपास जसाच्या तसा होता. पीआर एजन्सीची मुलगी टॅब्लेटवर यादी वर-खाली करत होती आणि दर दोन मिनिटांनी आत डोकावत होती. आत इव्हेंटवाल्यांची दोन पोरं शेवटच्या रांगेतल्या खुर्च्या एकावर एक रचून पडद्यामागे नेत होती.

खुर्च्या उचलायला लागले, म्हणजे दार उघडलंच असं समजा. मुख्य कार्यालयातून साहेब आलेले असतात, मागून फोटो काढणाऱ्याला चौकटीत डोकी हवी असतात, आणि एजन्सीचं पुढच्या वर्षीचं काम हॉल भरलेला दिसण्यावर अवलंबून असतं. आयोजकाला बिनबोलावलेल्या पाहुण्याची भीती वाटते खरी, पण रिकाम्या खुर्चीची त्याहून कितीतरी जास्त वाटते.

"सर, कुठल्या मीडियातून?"

"कुठल्याच नाही. यादीत नाव नाही माझं. तुमची जुनी शंभर सीसी अजून चालवतो, नवी बघायची होती. जागा असेल तर मागे बसतो, नसेल तर हरकत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, मग आतल्या पडद्याकडे. "पाच मिनिटं थांबा हं सर." पाच मिनिटांनी वरिष्ठ बाई आल्या, त्यांनी गाडीचं वर्ष विचारलं आणि हसल्या. कोऱ्या बिल्ल्यावर मार्करने 'गेस्ट' लिहून दिलं. फोन नंबर मात्र घेतला. खरा दिला.

आत कशासाठी जायचं, हे प्रक्षेपण घरी बघणारे नेहमी विचारतात. महिंद्राने याच 15 ऑगस्टला गोरेगावच्या नेस्कोत संकल्पना-गाड्या दाखवल्या, त्या मीही घरी चहा पीत पडद्यावर बघितल्या. पडद्यावर गाडी दिसते, हे मान्य. पण गाडीभोवतीची माणसं दिसत नाहीत. या दुचाकीच्या चबुतऱ्यामागे एक पोरगा मायक्रोफायबरचं फडकं घेऊन उभा होता. कोणी टाकीला हात लावला की तो बोटांचे ठसे पुसायचा, चेहऱ्यावर रेषही न हलवता. टायरला चकाकी आणणारं द्रव्य इतकं चोपडलेलं की खालच्या पांढऱ्या फरशीवर काळा ओघळ आला होता. मंचावरच्या गाडीचा आरसा आणि खाली मांडलेल्या गाडीचा आरसा वेगळा होता. मी तिथल्या अभियंत्याला विचारलं, तर तो खूश झाला. सकाळपासून सगळे त्याला किंमत आणि मायलेजच विचारत होते. त्याने मला इंजिनाचा आवाज कमी करण्यासाठी कुठल्या रबरी जोडांवर किती डोकं घातलंय ते वाकून दाखवलं. गाडी सुरू करून दाखवा म्हटलं तर म्हणाला, बॅटरी काढलीय, बंद हॉलमध्ये परवानगी नसते.

चारचाकीच्या शोमध्ये काळ्या काचा दिसल्या तर हळूच आत डोकावून बघा. आतला भाग पुष्कळदा तयारच नसतो, आणि दारं का उघडत नाहीत याचं उत्तर तुम्हाला अँकरकडून मिळणार नाही.

जेवणाचा नियम अनेकजण विचारतात. गिफ्ट नाही, पण वाढलं तर जेवतो. तिथला मसालेभात बरा होता, गुलाबजाम थंड.

सप्टेंबर, गणपतीनंतर

मोबाइलचा कार्यक्रम, फिरतं लोखंडी दार, प्रत्येकाच्या मनगटावर चिपवाला पट्टा. पट्टा टेकवला की दिवा हिरवा, नाहीतर लाल. दारावरचा माणूस तिकीट यंत्रणा पुरवणाऱ्या ठेकेदाराचा होता.

"दादा, नाव नाहीये माझं, आत कोणाला विचारता येईल?"

"काका, मलाच आत जायची परवानगी नाही."

परत फिरलो. वाद घातला नाही, आणि तुम्हीही घालू नका. ज्याच्या हातात हो म्हणायचा अधिकारच नाही, त्याच्याशी हुज्जत घातली तर त्याची नोकरी तेवढी जाते.

फोनच्या कार्यक्रमांचं दार असंही वेगळ्या वाटेने गेलंय. वनप्लसने मे 2018 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये वनप्लस 6 आणला, तेव्हा चाहत्यांना 999 रुपयांना प्रवेश विकला होता. ज्या दिवशी निमंत्रणाला किंमत लागली, त्या दिवसापासून विनानिमंत्रण जाण्यात मजा उरली नाही. तिथे जाणं म्हणजे विनातिकीट प्रवास, आणि मी पासधारक माणूस आहे.

इथे थोडं विषयांतर. कुठलंही मोठं दार फुटल्याची गोष्ट वाचली की मी एकच शोधतो: यादी कोणाच्या हातात होती? 24 नोव्हेंबर 2009 चं व्हाइट हाउस घ्या. मनमोहन सिंगांसाठी ओबामांनी दिलेली मेजवानी, ओबामांच्या कारकिर्दीतली पहिली सरकारी मेजवानी. व्हर्जिनियाचं एक जोडपं, बाई लाल भारतीय पेहरावात, यादीत नाव नसताना आत गेलं आणि राष्ट्राध्यक्षांशी हस्तांदोलन करून आलं. फोटो त्यांनीच फेसबुकवर टाकले, म्हणून बोंब झाली. धातुशोधक यंत्रातून ते रीतसर गेले होते, हत्यार वगैरे काही नव्हतं. चुकलं ते इतकंच की पहिल्या चौकीवर नाव सापडलं नाही तरी त्यांना पुढे सोडलं, आणि एरवी यादी घेऊन उभा राहणारा सोशल सेक्रेटरींच्या, म्हणजे व्हाइट हाउसचे समारंभ बघणाऱ्या, कार्यालयाचा माणूस त्या रात्री तिथे नव्हता. सुरक्षेवाल्याला माणूस धोकादायक आहे का ते कळतं. तो पाहुणा आहे का, हे यजमानाच्या माणसालाच कळतं. राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा सांभाळणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसच्या प्रमुखांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. पुढे जानेवारीत कळलं की त्याच रात्री आणखी एक जण आत होता, आणि तो हॉटेलातून भारतीय शिष्टमंडळासोबतच आला होता! आपल्याकडच्या वऱ्हाडात कोण कुठला कोणाला कळत नाही, तसंच हे.

लंडन 2012 ऑलिंपिकच्या उद्घाटनात आपला झेंडा धरलेल्या पैलवान सुशीलकुमारच्या शेजारून लाल सदऱ्यात चालणारी ती अनोळखी मुलगी सगळ्यांना आठवत असेल. आपल्याकडे घुसखोर, घुसखोर म्हणून केवढा गदारोळ झाला. ती मुळात घुसखोर नव्हतीच, त्या सोहळ्यातल्या कलाकार-स्वयंसेवकांपैकी होती. म्हणजे दारावरची तपासणी चोख होती, पण आत आलेल्याने कुठे थांबायचं हे बघणारं कोणी नव्हतं. माझ्या मते आपल्या छंदात तिची गणना करू नये. कार्ल पॉवरची करावी. 2001 मध्ये म्युनिकला बायर्नविरुद्धच्या फुटबॉल सामन्याआधी मँचेस्टर युनायटेडच्या संघाच्या फोटोत हा बाबा गणवेश घालून खेळाडू अँडी कोलशेजारी उभा राहिला. सामना सुरू व्हायच्या आत निघूनही गेला, कोणाचं काही बिघडलं नाही. 2021 मध्ये भारत-इंग्लंड कसोटींत मैदानात पुन्हा पुन्हा घुसणारा जार्वो मात्र मला अजिबात आवडत नाही. ओव्हलवर तर तो इंग्लंडच्या बेअरस्टोवर आदळला आणि पुढे कोर्टात दोषी ठरला. खेळाडू चेंडू टाकायला धावत असताना मध्ये घुसणं याला छंद म्हणत नाहीत.

ऑक्टोबर

नवरात्रात एक घड्याळांचा कार्यक्रम झाला, दक्षिण मुंबईत, जेमतेम चाळीस-पन्नास माणसं. अशा ठिकाणी जाऊ नका. लहान कार्यक्रमात यजमानाला प्रत्येक चेहरा माहीत असतो, रिकामी खुर्ची नसतेच, आणि तुम्ही विचारलंत तर तो बिचारा नाही म्हणताना स्वतःच अवघडतो. मी बाहेरूनच वळलो आणि फोर्टात कॉफी पिऊन घरी आलो.

प्रवासाबद्दल एक सांगायचं राहिलं. पूर्वी बीकेसीला जायचं म्हणजे कुर्ल्याहून शेअर रिक्षा, आणि इस्त्रीच्या शर्टाचा पार बोळा. आता घाटकोपरहून मेट्रो, मरोळ नाक्याला बदलून तीन नंबरची भुयारी, की थेट बीकेसी. माणूस कोरड्या शर्टात दारात उभा राहतो, याचा परिणाम मी मानतो. कपडे साधेच ठेवा. सूट घातलेल्याला "कुठल्या कंपनीतून?" विचारतात, आणि मग तुम्हाला उत्तर द्यावं लागतं.

ऑगस्टमध्ये घेतलेल्या त्या नंबरावर दिवाळीच्या आधी त्याच एजन्सीचं रीतसर निमंत्रण आलं. दुसऱ्या कंपनीच्या स्कूटरचा कार्यक्रम, नाव छापलेला बिल्ला, पुढून तिसरी रांग. गेलो, बघितलं, पण ते इथे लिहीत नाही. बोलावल्यावर गेलेलं आपण धरत नाही, आणि त्या एजन्सीचे कार्यक्रम इथून पुढे माझ्या नोंदीत येणार नाहीत.

पुण्याच्या मंडळींना एक विनंती आहे. चाकणकडचे कार्यक्रम कारखान्याच्या आवारातच होतात, म्हणजे पहिलं दार कंपनीच्या सिक्युरिटीचं आणि नोंदणीचं टेबल त्याच्याही आत. खुर्च्या उचलताहेत का हे बाहेरून दिसत नाही, आणि यादीवाली व्यक्ती भेटायच्या आधीच गेटवर नाव विचारतात. तिथे खरं सांगून कोणी आत गेलं असेल तर कोणाला विचारलं आणि किती वाजता, तेवढं लिहा.