कमी पडलेले ३५ फूट

लीथ हिल, सरे, दक्षिण इंग्लंड. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार.

रात्री पाऊस पडून गेला आणि सकाळपासून वायव्येचा गार वारा सुटलाय. लीथ हिल टेकडीच्या माथ्यावरच्या जुन्या मनोऱ्यावर जायला याहून चांगली हवा मिळत नाही. बरेच जण भर उन्हाळ्यात, सलग आठवडाभर ऊन पडल्यावर इथे येतात आणि निराश होऊन परततात. हवा कोंडून राहिली की धूळ-धूर खालीच साचतो, आणि २५ मैलांवरचं लंडन त्या पांढुरक्या पडद्याआड जातं. पावसाचा पट्टा ओसरल्यावरचा पहिला कोरडा दिवस साधावा, मग महिना कोणताही असो.

शनिवारच का, तर होमवूड स्टेशनवर रविवारी गाडी थांबत नाही. तिथून मनोरा साधारण पाच किलोमीटर. डॉर्किंगला गाड्या रोज असतात, पण तिथून जवळजवळ दुप्पट चालावं लागतं. गाडी घेऊन येणाऱ्यांना दोन रस्ते. विंडी गॅप वाहनतळाहून अंतर अगदी थोडं, पण चढ छातीवर येणारा. स्टारव्हॉल कॉर्नर वाहनतळाहून जरा लांब पडतं, पण वाट जंगलातून हळूहळू चढत जाते. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर दुसराच रस्ता धरावा. विंडी गॅपचा चढ एकवेळ निभतो; ओल्या पाल्यावरून तोच उतरताना पाय सटकतात.

होमवूडकडून चालत येताना पायाखालची जमीन बदलते, तिच्याकडे लक्ष ठेवावं. खाली चिकणमाती. पावसाळी दिवसांत बुटांना दोन-दोन बोटं जाड गाळ चिकटतो आणि चाल निम्म्यावर येते, म्हणून वेळेचा हिशेब सैल ठेवलेला बरा. कोल्डहार्बर गाव मागे टाकून वर आलं की वालुकाश्म लागतो, पाणी झिरपून जातं आणि वाट कोरडी होते. हेच पाणी पुढे खालच्या चिकणमातीपाशी अडतं, तो थर निसरडा होतो आणि वरचा दगड घसरतो. टेकडीची दक्षिण बाजू इतकी उभी आहे ती यामुळे. एका वाहनतळाचं नावच लँडस्लिप आहे.

टेकडीची उंची ९६५ फूट, म्हणजे २९४ मीटर. हजाराला ३५ फूट कमी. लीथ हिल प्लेस या खालच्या उतारावरच्या घराचे मालक रिचर्ड हल यांनी १७६५च्या सुमारास माथ्यावर ६४ फुटांचा चौकोनी मनोरा बांधला, आणि त्याचा माथा समुद्रसपाटीपासून १०२९ फुटांवर गेला. ही उणीव भरून काढायचंच त्यांच्या मनात होतं, असं सांगतात. अशा वास्तूला इंग्लंडमध्ये फॉली म्हणतात: राहण्यासाठी नाही, लढण्यासाठी नाही, जमीनदाराच्या हौसेसाठी. शब्दात मूर्खपणाची छटा आहे, ती या मनोऱ्याला लावायला मन धजत नाही. हल यांनी आत दोन खोल्या केल्या आणि येणाऱ्यांना दूरवरचं दिसावं म्हणून दुर्बिणी ठेवल्या. भिंतीतल्या पाटीवर लॅटिन मजकूर आहे, साल १७६६. वाटसरूला उद्देशून लिहिलंय की चहूकडची सुखी भूमी तुला दिसावी म्हणून हा मनोरा उभारला. केवळ स्वतःच्या आनंदासाठी नव्हे, शेजाऱ्यांच्या आणि सगळ्यांच्या. त्या काळच्या जमीनदारानं आपल्या जागेवर ‘सगळ्यांच्या’ हा शब्द दगडात कोरून घेतला, याचं फार अप्रूप वाटतं.

१७७२ साली हल वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मनोऱ्याखालीच पुरलं. पुढे कोणी वाली उरला नाही. दारं, खिडक्या, आतलं सामान, सगळं लोकांनी नेलं. पडझड वाढली तेव्हा खालच्या निम्म्या भागात राडारोडा आणि काँक्रीट भरलं आणि दार विटांनी चिणून टाकलं.

आता इमारतीभोवती एक फेरी मारावी, वर जायची घाई करू नये. मुख्य मनोरा चौकोनी, आणि त्याला एका कोपऱ्याशी बिलगलेला एक अरुंद जिन्याचा बुरूज. हा बुरूज जवळजवळ शंभर वर्षांनी आला. १८६४ मध्ये तेव्हाचे मालक विल्यम जॉन एव्हलिन यांना मनोरा पुन्हा उघडायचा होता, पण आतलं भरीव काँक्रीट फोडणं अवघड होऊन बसलं. मग त्यांनी जिना बाहेरून चढवला. आज लोक ज्या पायऱ्यांनी वर जातात त्या हल यांच्या नव्हेत, त्या काँक्रीटला वळसा घालून एव्हलिननी केलेल्या आहेत. माथ्यावरच्या चर्याही त्यांच्याच काळातल्या, निव्वळ शोभेच्या. १९२३ पासून मनोरा नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. वर जाण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या निघण्यापूर्वी बघून घ्याव्यात. मनोरा बंद असला तरी माथा खुलाच असतो, आणि दक्षिणेकडचं बरंचसं दृश्य पायथ्यावरूनही दिसतं. उत्तरेकडे मात्र झाडं आड येतात, लंडनसाठी वर चढावंच लागतं.

जिना गोल आणि चिंचोळा. मधल्या खांबाकडे पायरी निमुळती होत जाते, बाहेरच्या भिंतीकडे रुंद असते. पाऊल बाहेरच्या अंगाला टाकावं. सॅक पाठीवर ठेवली तर वळणावर भिंतीला घासते आणि तोल जातो, ती पोटाशी धरावी. वरून कोणी उतरतंय का याची चाहूल खालीच घ्यावी, कारण मध्ये दोन माणसांना एकमेकांना ओलांडायला जागा नाही. टोपी जिन्यातच काढून खिशात घालावी, गच्चीवरचा वारा ती ठेवत नाही.

वर पोचल्यावर आधी उत्तरेकडे बघावं. दुपारी बाराच्या सुमारास सूर्य पाठीशी असतो आणि लंडनच्या इमारतींवर सरळ उजेड पडतो. पहिल्यांदा शार्ड या उंच, निमुळत्या इमारतीचं टोक शोधावं, मग बाकीच्या इमारती त्याच्या आधारानं ओळखता येतात. आग्नेयेला गॅटविक विमानतळाकडे उतरणारी विमानं.

समुद्र दक्षिणेला, आणि तो शोधायची रीत वेगळी. खाली वील्डचा सपाट, झाडीचा प्रदेश, त्यापलीकडे साउथ डाउन्सची सलग निळसर रांग. या रांगेत एक खाच आहे. तिथे अडूर नदी डोंगर कापून शोरहॅमपाशी समुद्राला मिळते. नजर रांगेच्या वरच्या कडेवरून सावकाश सरकवावी आणि खाचेपाशी थांबावी. पाणी निळं दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत सूर्य खाली असतो, तेव्हा दुपारी त्या खाचेत कल्हई केलेल्या भांड्यासारखी एक पांढरी रेघ चमकते, तोच समुद्र. दुर्बिणीतून बघणाऱ्यांनी तिथे फार सावध राहावं, सूर्य त्याच दिशेला असतो आणि भिंग चुकून वर गेलं तर डोळ्याला इजा होते.

आज साडेबाराला ती रेघ दहा मिनिटं दिसली, मग ढग आला. उद्या पहाटे इथली उन्हाळी वेळ संपून घड्याळं एक तास मागे जातील. पुढच्या शनिवारी साडेचारला अंधारू लागेल, आणि जंगलातली वाट त्याच्याही आधी काळोखी होईल. तीनला उतरायला लागावं, खिशात टॉर्च ठेवावा.