विमानाला आरसे नसतात का?

सानंदच्या नाटकाचं मध्यंतर असो की रामबागेतलं हळदीकुंकू, मी इंदूर विमानतळावर रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवर, काम करते हे कळलं की प्रश्न ठरलेला. "एवढी मोकळी जागा, विमान चालतं मुंगीच्या पावलांनी, मग ती जमिनीवर एकमेकांना घासतात कशी? आरसे नसतात का त्यांना?" दर वेळी वाटी-चमचा हातात धरून काहीतरी अर्धवट सांगितलं जातं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

आरसे नसतात, आणि लावले तरी भागणार नाही. आमच्याकडे रोज येणारं एअरबस ए-३२० घ्या. या पंखाच्या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास ३६ मीटर. कॅप्टन नाकाशी, डावीकडे बसतो. पंखाचं टोक त्याच्या पंधरा-वीस मीटर मागे आणि तितकंच बाजूला. डावं टोक बघायचं तर काचेला गाल टेकवून मागे वळावं लागतं. उजवं त्याला दिसतच नाही, ते को-पायलटने बघायचं. बोइंग ७७७ सारख्या मोठ्या विमानात तर दोघांनाही टोकं दिसत नाहीत. आणि टोक दिसलं, तरी त्याच्या आणि शेजारच्या शिडीच्या मधली फट हातभर आहे की दोन मीटर, हे रात्री तिथून कुणालाच सांगता येणार नाही.

मग पायलट येतो कशाच्या भरवशावर? पिवळ्या रेषेच्या. पुढचं चाक रेषेवर ठेवलं की या आकाराच्या विमानाच्या टोकापाशी निदान साडेचार मीटर मोकळे राहतील, असा बेचा, म्हणजे विमान उभं करायच्या ठरलेल्या जागेचा, हिशेब असतो. साडेचार मीटर म्हणजे एक लांब मोटार. पण तो हिशेब शेजारच्या बेवरचं सगळं आपल्या हद्दीच्या लाल रेषेच्या आत असेल तोवरच खरा. सामानाची ट्रॉली बाहेर राहिली तर पंख वरून निघून जाईल, पण इंजिन जमिनीपासून जेमतेम अर्धा मीटर वर असतं.

वळणाचं आणखी वेगळं. गणपतीच्या मांडवाचा लांब बांबू खांद्यावर घेऊन बोळात वळून बघा. तुम्ही डावीकडे वळता आणि मागचं टोक उजवीकडच्या भिंतीला लागतं. विमानाचे पंख मागे कललेले असतात, त्यामुळे वळताना बाहेरच्या बाजूचं टोक सरळ चालीत जितकं बाहेर असतं त्याहून जास्त बाहेर फिरतं. सरळ जाताना सुटलेली वस्तू वळताना लागते ती अशी.

हे फक्त लहान विमानतळांवर होतं असं नाही. एप्रिल २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर जवळजवळ ८० मीटर पंखांचं ए-३८० टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवर चालत, निघालं होतं. त्याच्या पंखाचं टोक एका छोट्या विमानाच्या शेपटीला लागलं आणि ते विमान माणसांसकट जागच्या जागी गर्रकन फिरलं. कुणाला इजा झाली नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने शिफारस केली की ज्या मोठ्या विमानांत टोकं दिसत नाहीत, त्यांत कॅमेऱ्यासारखी सोय हवी. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये कोलकात्याला दोन प्रवासी विमानांचे पंख घासले; त्यातलं एक धावपट्टीवर जायची वाट बघत नुसतं उभं होतं.

म्हणून टोकांपाशी माणसं लागतात. समोर मी, मार्शलर, म्हणजे खुणांनी वाट दाखवणारी, हातात दिव्याच्या कांड्या. दोन्ही पंखांच्या बाजूला विंग वॉकर. त्याची कांडी डोक्यावर उभी असेल तर त्याच्याकडची वाट मोकळी. मी कांड्या डोक्यावर फुलीसारख्या धरल्या की थांबायचं. मी दिसेनाशी झाले तरी पायलटने थांबायचं.

रॅम्पवर आमची बोली हिंदी. आणि त्या बोलीतले दोन शब्द मला इंजिनाच्या आवाजापेक्षा जास्त भीतिदायक वाटतात: "निकल जाएगा."

एका जुलैतली रात्र. पाऊस धरलेला, ओल्या काँक्रीटवर सगळ्या दिव्यांची दुसरी प्रत पडलेली. खरा दिवा कुठला नि खालचा कुठला हे समजायला क्षणभर थांबावं लागत होतं. विमान रेषेवर वळलं. माझ्या उजव्या बाजूच्या विंग वॉकरची कांडी उभी, डाव्या बाजूच्याची नाही. तिकडे महूचा पोरगा होता, सहा महिन्यांपूर्वी लागलेला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने दोन्ही कांड्यांची फुली केली. का ते मला दिसत नव्हतं. मीही फुली केली. विमानाचं नाक खाली दबलं, पुन्हा वर आलं, थांबलं.

शेजारच्या बेवरची छताची शिडी मागच्या चाकांनी लाल रेषेच्या बाहेर होती. पांढरं छत, पांढरा पाऊस. ओढणाऱ्याने शिडी आत घेतली आणि जाता जाता म्हणाला, "दीदी, निकल जाता." निघालंही असतं कदाचित. पोरगा पंखाच्या टोकाखालून शिडी होती तिथवर चालत गेला, परत आला. "चार कदम," एवढंच म्हणाला. त्याचे हात थरथरत होते. मी त्याला सांगितलं की आज तू केलंस तसंच दर वेळी करायचं, आणि का केलंस ते मी कधीही थांबायच्या आधी विचारणार नाही. आत दीड-पावणेदोनशे माणसं होती. पट्टा काढायला हात टेकवून बसलेली.

आता विमान यायच्या आधी डाव्या-उजव्या दोन्ही टोकांच्या वाटेवरून मी स्वतः चालून येते. पावसात तर दोनदा. मग समोर जाऊन कांड्या पेटवते.