आधी चाल, मागून शब्द

गणपतीच्या आरतीत ‘फणिवरबंधना’च्या जागी ‘फळीवर वंदना’ म्हणणारी माणसं घरोघर आहेत. शिकलेली, वाचणारी, एरवी दुसऱ्याच्या शुद्धलेखनाच्या चुका काढणारी. ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ तर इतकं मुरलंय की बरोबर म्हणणाराच चुकल्यासारखा वाटतो. नागाचा पट्टा कमरेला बांधलेल्या देवासमोर ही फळी कुठून आली आणि तिच्यावर वंदना कशी करतात, असा प्रश्न चाळीस-चाळीस वर्षं पडत नाही. चाल जुळते, अक्षरं मापात बसतात, टाळी ठोक्यावर पडते. तेवढं झालं की मन पुढच्या ओळीवर जातं.

बोललेलं वाक्य आपण तपासून घेतो. गायलेलं तसंच आत सोडतो. ‘तुझ्यावाचून जगणं व्यर्थ’ असं कुणी चहा पिताना साध्या आवाजात म्हणालं, तर आपण कप खाली ठेवू आणि काळजीने त्याच्याकडे बघू. तेच सतारीच्या तुकड्यानंतर आलं, तर भाजी चिरता चिरता आपणही म्हणतो, आणि ध्रुवपद असल्यामुळे परत परत म्हणतो. गाण्याच्या शब्दांचं बळ या फेऱ्यांमध्ये आहे. तीन अंतऱ्यांच्या गाण्यात ध्रुवपद चार-पाच वेळा येतं. नवं आवडलेलं गाणं माणूस दिवसात दहादा सहज लावतो. एकच वाक्य, दिवसाला चाळीस-पन्नास वेळा. इतक्यांदा तर आईसुद्धा काही सांगत नाही.

रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती बरी वाटू लागते. त्याने त्यासाठी निरर्थक शब्द आणि चिनी वळणाची अक्षरं वापरली होती. म्हणजे अर्थ कळण्याचीही अट नाही. पहिल्यांदा ‘हे काय गाणं आहे?’ म्हणून नाक मुरडलेली चाल लग्नसराईच्या शेवटी आपल्याच तोंडी का असते, याचं उत्तर यात आहे. जाहिरातवाल्यांना ते प्रयोगाशिवायच कळलेलं होतं. दूरदर्शनच्या काळात वाढलेल्या माणसाला धुण्याच्या पावडरीच्या जिंगलमधल्या चार मुलींची नावं आजही क्रमाने येतात. शाळेतल्या बाकावर शेजारी बसणाऱ्या चौघांची येतीलच असं नाही.

अंतर्मनाचा विषय निघाला की गाण्यात लपवलेल्या संदेशांची चर्चा हमखास होते. ती भीती बरीचशी एका थापेतून आली. अमेरिकेत १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी नावाच्या जाहिरात-सल्लागाराने सांगितलं, की सिनेमाच्या पडद्यावर डोळ्याला न जाणवेल इतका क्षणभर मजकूर झळकवून त्याने पॉपकॉर्नचा खप वाढवला. पुढे त्याने स्वतःच ते खरं नसल्याची कबुली दिली, पण तोवर कल्पना जगभर पसरली होती. १९९० मध्ये नेवाडातल्या रेनो इथे जूडास प्रीस्ट या रॉक बँडवर खटलाही चालला. गाण्यात दडवलेल्या शब्दांमुळे दोन तरुणांनी टोकाचं पाऊल उचललं, असा आरोप होता. न्यायालयाने बँडला जबाबदार धरलं नाही. लपवलेल्या शब्दांची एवढी धास्ती घेणारे आपण, मोकळ्या आवाजात शंभरदा म्हटलेल्या शब्दांबद्दल मात्र बेफिकीर असतो, हे गमतीचं आहे.

चालीला बांधलेले शब्द टिकतात कसे, हे पाढ्यांवरून कळतं. ‘बे एके बे, बे दुणे चार’ ही हेलकाव्यात म्हणायची रीत आहे, म्हणून ते सत्तरीतही पाठ असतात. पण मधूनच ‘सात आठे?’ विचारलं की अनेकांना मनात ‘सात एके’पासून धावत यावं लागतं. शब्द एकेकटे साठवलेले नसतात, सबंध माळ साठवलेली असते आणि प्रत्येक तुकडा पुढच्याला खेचून आणतो. आरतीचं दुसरं कडवं नुसतं वाचून दाखवायला सांगितलं तर माणूस अडखळतो, तेच गायला लागला की सुरळीत निघतं. अर्धांगवायूनंतर वाचा गेलेल्या काही रुग्णांना बोलता येत नाही पण ओळखीचं गाणं शब्दांसकट म्हणता येतं. त्यावरूनच १९७३ च्या सुमारास बॉस्टनमध्ये सुरात बोलायला शिकवण्याची उपचारपद्धती आखली गेली.

शब्द आत जाण्याबद्दल एवढं बोललं जातं. ते बाहेर काढण्याचं गाण्याचं काम आपल्याकडे जात्यावर झालं. ‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण उगाच पडलेली नाही. पहाटेचा अंधार, समोरासमोर दोघी, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीने ओळ सुरू करायची, दुसरीने उचलायची, मधेच जात्याच्या तोंडात मूठभर दाणे. दगडाच्या घरघरीमुळे आतल्या खोलीत शब्द नीट पोचत नाहीत, आणि पोचले तरी ‘ओवीच तर आहे’ म्हणून सोडून दिले जातात. सासूचा जाच, नवऱ्याचा हात, माहेरी न आलेला भाऊ, सवतीचं दुःख हे दिवसाउजेडी बोलण्याची सोय नव्हती; ते चालीत बसवून रोज म्हणता येत होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत. त्या वाचताना लक्षात येतं की हातांना ठरलेलं, लयीचं काम मिळालं की मनाचा पहारा ढिला पडतो. आज जातं नाही, पण भांडी घासताना किंवा लांबच्या रस्त्यावर गाडी चालवताना नको त्या आठवणीचं गाणं ओठांवर येतं, त्यामागे हीच रचना आहे.

मनःस्थितीवर पहिला परिणाम मात्र शब्दांचा होत नाही, लयीचा होतो. इटलीत पाव्हिया इथे २००६ मध्ये झालेल्या एका अभ्यासात पाश्चात्त्य संगीताबरोबर भारतीय रागसंगीतही ऐकवलं होतं. लय वाढली की श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढतात, हे त्यात दिसलं. आणि गंमत अशी की सर्वांत जास्त आराम मिळाला तो मधे ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत. गाण्यानंतर लगेच पुढचं गाणं लावणाऱ्या यंत्रांना हे कुणीतरी सांगायला हवं.

गाण्याची लय मोजणं अवघड नाही. मांडीवर ठोका धरायचा, पंधरा सेकंदांतले ठोके मोजायचे आणि चाराने गुणायचं. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० असते. गाणं त्याच्या आसपास किंवा खाली असेल तर शरीर निवतं. १२० ते १४० च्या घरातलं असेल तर चालायला, व्यायामाला उपयोगी. मोजताना एक चूक हमखास होते: ढोलकीच्या दुप्पट बोलांनाच ठोके समजलं जातं आणि आकडा दुप्पट येतो. पाय आपोआप जिथे पडतो तो ठोका धरावा. लावणीत लय आणि शब्द सरळ उलट दिशांना ओढतात. शब्दांत विरहाची तक्रार असते, ढोलकी मात्र बसू देत नाही, आणि जिंकते ढोलकीच. रडगाणं ऐकून लोक फेटे उडवतात ते यामुळे.

डोक्यात अडकून बसणाऱ्या तुकड्याबद्दल थोडं. तो बहुधा ध्रुवपदाचा, काही सेकंदांचा असतो, आणि पुढची ओळ नीट आठवत नसते. मन तिथपर्यंत येतं, पुढे वाट नसते, परत सुरुवातीला जातं. म्हणून पहिला उपाय असा की गाणं एकदा पहिल्यापासून शेवटच्या सुरापर्यंत ऐकून टाकावं, मधे बंद न करता. दुसरा उपाय तोंडाला काम देण्याचा. मनातल्या मनात गातानाही बोलण्याची यंत्रणा वापरली जाते. जबडा हलता ठेवला की ती गुंतून पडते. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात २०१५ मध्ये च्युइंगम देऊन हे तपासलं गेलं. फुटाण्यांवर प्रयोग झाल्याचं ऐकिवात नाही, पण चालायला हरकत नसावी. तिसरा उपाय शब्दकोडं: फार सोपं नको, फार अवघडही नको, दोन्हींत मन सुटतं आणि परत त्या ओळीवर येऊन बसतं. ‘आता हे गाणं आठवायचं नाही’ असा निश्चय करण्यात अर्थ नाही, कारण न आठवण्यासाठी आधी ते आठवावं लागतं.

उदास असताना उडत्या चालीचं गाणं लावणारे हितचिंतक प्रत्येक घरात असतात. त्याने बहुतेकदा चिडचिड होते. अमेरिकेत १९४० च्या दशकात आयरा आल्टशुलर या मनोविकारतज्ज्ञाने उलटा मार्ग मांडला, आणि संगीतोपचारात तो आजही वापरला जातो: रुग्ण जिथे आहे तिथून सुरुवात करायची आणि हळूहळू सरकायचं. घरी तो असा करता येतो. पाच-सहा गाणी, मिळून पंचवीस-तीस मिनिटं. पहिलं आत्ताच्या मनासारखं, अगदी संथ आणि उदास चालेल. दुसरं तितकंच संथ, पण शब्दांत तक्रार कमी. तिसरं शक्यतो नुसतं वाद्यांचं, म्हणजे शब्दांना विश्रांती. मग लय थोडी थोडी वाढवायची, एका वेळी दहा-पंधरा ठोक्यांहून जास्त नाही. शेवटचं जिथे पोचायचं तिथलं. यादी उलटसुलट वाजवणारं बटण बंद ठेवावं, नाहीतर सगळी मेहनत वाया. गाण्यांमध्ये जाहिरात घुसत असेल तर फाइल उतरवून घ्यावी. तिसऱ्या गाण्यानंतर कर्जाची जाहिरात आली की माणूस परत पहिल्या पायरीवर.

दुःखाची गाणी टाळायचीच, हा सल्ला मला पटत नाही. आपलं दुःख दुसऱ्याच्या आवाजात ऐकलं की ते थोडं लांब ठेवून बघता येतं, आणि बहुतेकांना रडून झाल्यावर हलकं वाटतं. फक्त एकच गोष्ट घोळवत बसायची सवय असलेल्यांनी जपावं. त्यांच्याबाबतीत गाण्याचे शब्द विचारांना तयार वाक्यं पुरवतात आणि घोळणं वाढतं. ओळखायची खूण सोपी: तीन गाण्यांनंतर खांदे सैल झाले असतील तर ठीक; तेच गाणं चौथ्यांदा लावलं आणि घशातला आवंढा तसाच असेल, तर फोन बाजूला ठेवून उठावं.

अभ्यासाला कळणाऱ्या भाषेतलं गाणं लावू नये. मराठी वाचताना मराठी गाणं तर मुळीच नको. वाचलेले आणि ऐकलेले शब्द डोक्यात एकाच दारातून शिरू पाहतात आणि परिच्छेद तीनदा वाचावा लागतो. बासरी, सरोद चालेल. झोपेसाठीही शब्द नकोत, किंवा न कळणाऱ्या भाषेतले असावेत. आवाज शेजारच्या खोलीत जेमतेम पोचेल इतका, आणि अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप बंद होणारा टायमर. रात्रभर वाजत राहिलं तर पहाटे नेमकी कुठली तरी तान येऊन जाग येते.

आणि आवडतं गाणं कृपा करून अलार्मला लावू नये. पहिले काही दिवस बरं वाटतं. मग ते सूर आणि मोडलेली झोप यांची इतकी घट्ट गाठ बसते की संध्याकाळी रिक्षात तेच लागलं तरी पोटात गोळा येतो. अलार्मला फोनबरोबर आलेला तो किरटा टुंईटुंई आवाजच बरा. त्याचं कुणाला काही बिघडवता येत नाही.