आमची वाटचाल : व्हॅनखाली झोपून काम करणाऱ्यांसाठी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. सासऱ्यांनी ते सुरू केलं तेव्हा गेट, ग्रिल, जिने आणि उसाच्या ट्रॉलीचे फाळके अशी कामं व्हायची. ती आजही होतात. पण आता आमचं निम्म्याहून जास्त काम एका वेगळ्याच मालाचं आहे. घराच्या दारात, पार्किंगमध्ये किंवा परड्यात स्वतःच्या व्हॅनखाली शिरून काम करणाऱ्या माणसासाठी आम्ही घोड्या (म्हणजे जॅकनं उचललेली गाडी खालून धरून ठेवणारे लोखंडी स्टँड), रॅम्प, चाकाच्या पाचरी आणि झोपून गाडीखाली सरकायच्या, पाठीखालच्या ट्रॉल्या बनवतो. या कामाकडे आम्ही कसे वळलो आणि त्यात काय काय समजत गेलं, ते सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

याची सुरुवात 2019च्या ऑगस्टमधल्या महापुरानं झाली. पंचगंगेचं पाणी ओसरलं आणि गल्लीगल्लीत चिखलानं भरलेल्या गाड्या दिसू लागल्या. त्यात शाळेच्या मुलांना ने-आण करणाऱ्या मामांच्या ओम्नी भरपूर. पाण्यात उभ्या राहिलेल्या व्हॅनचं खरं नुकसान खालच्या बाजूला असतं. ब्रेकच्या ड्रममध्ये गाळ बसतो, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं, डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या गोळ्यात, पाणी शिरून आतलं ऑईल ताकासारखं पांढरं होतं. ते वेळेत बदललं नाही तर गिअर खाल्ले जातात. गॅरेजवाल्यांकडे रांगा लागलेल्या, मेस्त्रींना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मग मामा लोक घरीच पाना घेऊन गाडीखाली शिरले. आमच्या वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत एका मामांनी मागचं चाक काढून गाडी नुसत्या जॅकवर ठेवली होती आणि आधाराला दोन विटा लावल्या होत्या. ड्रम अडकला होता म्हणून त्यांनी हातोडीनं दोन ठोके मारले, तसा जॅक कलंडला आणि विटांचा भुगा झाला. ते बाजूला बसून काम करत होते म्हणून फक्त ड्रम जमिनीवर आदळला. संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "वहिनी, लोखंडाचं काहीतरी भक्कम करून द्या."

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला. लग्नानंतर हिशेब आणि कोटेशन बघत होते, पण ड्रॉइंगची आवड सुटली नव्हती. त्या मामांसाठी केलेली घोडी हा आमचा पहिला नग.

घोडी करायची म्हणजे चार अँगल आणि वर एक प्लेट जोडायची, एवढंच सगळ्यांना वाटतं. रिकामी ओम्नी पावणेआठशे-आठशे किलोची. मागची बाजू उचलली तर एका घोडीवर सुमारे 200 किलो येतात. एवढ्या वजनाला साधा पाइपसुद्धा पुरतो. म्हणून लोक विचारतात की इतकी जड घोडी कशाला? उत्तर असं की घोडी सहसा चेपून मोडत नाही, ती कलंडते. गाडीखालचा माणूस गंजलेला नट सोडवायला पान्याला पाइप लावून सगळ्या ताकदीनं ओढतो. तो ओढा आडवा असतो. 400 मिमी उंचीच्या घोडीवर 200 किलो असताना पाया फक्त 150 मिमी रुंद असेल तर साध्या हिशेबानं 37-38 किलोचा आडवा ओढा तिला कलंडवायला पुरतो. तोच पाया 300 मिमी केला तर ओढा 75 किलोचा लागतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त घोड्यांमध्ये वजनाचा आकडा मोठा छापलेला असतो आणि पाया चिमुकला असतो. आम्ही पायावर लोखंड खर्च करतो. त्यानं वजन वाढतं, किंमत वाढते, आणि त्या बाबतीत आम्ही घासाघीस करत नाही.

दुसरा प्रश्न उंची कमी-जास्त करण्याचा. दात्यांची पट्टी आणि खटका असलेली घोडी वापरायला सोपी असते, वर ओढली की बसते. आम्ही मात्र आरपार जाणारा पिन ठेवला. 2020 साली अमेरिकेत एका मोठ्या विक्रेत्याला दात्यांचे जॅक स्टँड लाखोंच्या संख्येनं परत मागवावे लागले, कारण खटका दात्यात पूर्ण बसत नव्हता आणि वजन हललं की घोडी खाली घसरू शकत होती. बदली म्हणून दिलेल्या मालातही पुढे वेल्डिंगचे दोष निघाले. दात्याची घोडी चांगली असूच शकत नाही असं नाही, पण तिच्या साच्याची झीज सतत मोजावी लागते आणि आमच्यासारख्या लहान वर्कशॉपला ते झेपणारं नाही. पिनचं तसं नाही. आत गेला की गेला, आणि गेला आहे हे डोळ्यांना दिसतं. 16 मिमीचा साध्या माइल्ड स्टीलचा पिन दोन्ही बाजूंनी टेकलेला असला तर हिशेबानं साडेपाच टनांच्या पुढेच तो वाकायचा-कापायचा विचार करतो.

वेल्डिंग आम्ही सीओटूवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात करतो. प्रत्येक जोडावर रंगापूर्वी डीपी टेस्ट होते, म्हणजे लाल द्रव लावून, पुसून, वर पांढरा फवारा मारायचा; भेग असेल तर लाल रेघ वर उमटते. रंग दिल्यावर ही रेघ कुणालाच दिसणार नाही, म्हणून ही पायरी घाईच्या दिवसांतही सुटत नाही. आमचा सर्वांत जुना वेल्डर हे काम दुसऱ्याच्या हाती देत नाही, आणि तो बरोबर आहे.

मार्च 2020मध्ये शाळा बंद झाल्या आणि व्हॅन जागच्या जागी थांबल्या. मामांचं उत्पन्न शून्यावर आलं. हप्ते चालू, पण गॅरेजला द्यायला पैसे नाहीत. त्या काळात आम्हाला रोज फोन यायचे आणि फोनवर मालापेक्षा पद्धतच जास्त सांगावी लागायची. जॅक गाडी उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही, हे वाक्य मी तेव्हापासून किती वेळा म्हटलं असेन याला मोजदाद नाही. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी सोडेल ते सांगून सोडत नाही, आणि गाडीसोबत मिळणारा कैचीचा जॅक तर फक्त पंक्चरचं चाक बदलण्यापुरता आहे.

त्याच फोनांमधून एक गोष्ट लक्षात आली, जी बहुतेकांना ठाऊक नव्हती. ओम्नी काय किंवा ईको काय, दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. हँडब्रेक मागच्या चाकांनाच लागतो आणि गिअरमध्ये टाकलेली गाडीही मागच्या चाकांनीच अडते. म्हणजे मागची बाजू उचलली की गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही, पुढची चाकं मोकळी असतात. एकच मागचं चाक उचललं तरी गिअरचा भरवसा नाही, कारण डिफरन्शियल उचललेल्या चाकाला फिरू देतं आणि जमिनीवरचं चाकही सुटतं. म्हणून मागे काम असेल तर पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी हव्यातच. आमच्या घोड्यांच्या जोडीबरोबर चार पाचरी येतात आणि त्या वगळून जोडी विकत नाही. "पाचरी नकोत, दगड आहे घरी," असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी नम्रपणे नाही म्हणते. गोल दगडावरून चाक चढून जातं.

घोडी लावायची कुठे, हेही कामावर ठरतं. ब्रेक, बेअरिंग किंवा डिफरन्शियलचं काम असेल तर मागच्या ॲक्सलच्या नळीखाली, पाट्याच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) जवळ. त्यासाठी घोडीच्या डोक्याला आम्ही खोबण दिली आहे. पण पाटाच बदलायचा असेल तर घोडी चॅसीखाली हवी, नाहीतर ज्या पाट्यावर ताण आहे त्याचेच बोल्ट आपण सोडत बसतो. घोड्या लागल्या, जॅक हळूहळू सोडून वजन त्यांच्यावर आलं, की आत शिरण्यापूर्वी गाडीला बाजूनं चांगले धक्के द्यायचे. पडायची असेल तर ती आपण बाहेर असताना पडू दे. काढलेलं चाक भिंतीला टेकवून ठेवू नका, ते आडवं करून चॅसीखाली सरकवा. (आणि डिफरन्शियलचं ऑईल बदलताना आधी वरचा, भरायचा नट सैल करून बघा. खालचा सोडून ऑईल वाहून गेलं आणि वरचा गंजून निघेना, तर गाडी तिथेच बसली.)

जमिनीचा विषय आम्हाला कोकणातल्या गिऱ्हाइकांनी शिकवला. मालवणकडच्या एका ईकोवाल्यांचं अंगण जांभ्याचं. अँगलचे चार पाय जांभ्यात रुततात, मुरमात तर आणखीच. म्हणून घोडीच्या खाली आता सलग 6 मिमीची प्लेट असते, आणि त्याखाली 18 मिमी प्लायवूडचा तुकडा टाकायला आम्ही सांगतो. पेव्हर ब्लॉकवर तर तो लागतोच, कारण सगळं वजन एका ब्लॉकवर आलं तर तो खचतो. पावसाचं पाणी जावं म्हणून पार्किंगला उतार दिलेला असतो, तोही नजरेनं कळत नाही. एक पाण्याची बाटली आडवी ठेवून बघा. ती आपोआप घरंगळली तर तिथे गाडी उचलू नका. सिमेंटचे पोकळ ब्लॉक कुठल्याच जमिनीवर नकोत. लाकडाचा ओंडका निदान करकरतो, ब्लॉक न सांगता फुटतो.

रॅम्प जमायला घोडीपेक्षा जास्त वेळ लागला. ऑईल बदलायचं, सायलेन्सर बघायचा, अशा चाकं न काढता होणाऱ्या कामांना रॅम्प सोयीचा. 200 मिमी उंची धरली तर चढ सौम्य ठेवण्यासाठी सुमारे 750 मिमी लांबी लागते. अडचण चढताना यायची. पुढची चाकं नुसती ढकलली जातात, त्यामुळे गुळगुळीत शहाबादी फरशीवर ती रॅम्पवर चढण्याऐवजी रॅम्पलाच पुढे लोटायची. खाली रबर लावलं, थोडा फरक पडला. शेवटी रॅम्पच्या चढ सुरू होणाऱ्या टोकाला टायरइतकी रुंद एक पातळ जीभ जोडली. गाडी आधी त्या जिभेवर येते, तिच्या स्वतःच्या वजनानं रॅम्प दाबला जातो आणि मगच चढ सुरू होतो. वर चाक बसायला उथळ खोलगट जागा आणि पुढे अडसर. तरीही मागच्या चाकांना पाचरी लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही, आणि चढवताना एक माणूस बाजूला उभा राहून सांगणारा हवाच. तो गाडीच्या समोर उभा नको.

खड्ड्याच्या चौकशाही येतात. पार्किंगमध्ये पिट खणतो, वर झाकायला जाळी करून द्या म्हणतात. ते काम आम्ही घेत नाही. पेट्रोलची वाफ आणि एलपीजी दोन्ही हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचून राहतात. कितीतरी ओम्नी एलपीजीवर आहेत. सीएनजी हलका असल्यानं वर निघून जातो, पण घरच्या खड्ड्यात एखादी बल्बची वायर लोंबतच असते, आणि पेट्रोलची टाकी तर सीएनजी गाडीलाही असते. कुठल्याही पद्धतीनं गाडीखाली जा, उजेडाला बॅटरीवरचा एलईडी दिवा घ्या आणि डोळ्यांवर गॉगल ठेवा. वरून गंजाचे पापुद्रे सरळ डोळ्यांत पडतात. आम्ही प्रत्येक पाठीच्या ट्रॉलीबरोबर गॉगल देतो, त्याचे पैसे लावत नाही.

आता महिन्यातून एका रविवारी वर्कशॉपचं अंगण मोकळं ठेवतो. ज्यांनी माल घेतला आहे किंवा घ्यायचा आहे त्यांनी आपली व्हॅन घेऊन यायचं. उचलणं, घोड्या लावणं, धक्के देणं, उतरवणं, सगळं आमच्यासमोर एकदा करायचं. काही मामा बायकोला, मुलाला सोबत आणतात, ते मला फार आवडतं. कारण गाडीखाली माणूस असताना घरातल्या कुणीतरी हाकेच्या अंतरावर असावं, आणि वेळ आलीच तर जॅक कुठे लावायचा हे त्यांनाही माहीत असावं. एका ताईंनी त्या दिवशी जॅक स्वतः मारून बघितला आणि नवऱ्याला सांगितलं की मला न विचारता यापुढे खाली जायचं नाही. नवरा काही बोलला नाही, पण ट्रॉली आणि गॉगल दोन्ही घेऊन गेला.

मोठ्या ट्रॅव्हलर गाड्यांसाठी घोड्या करा, अशी मागणी सध्या जोरात आहे. त्या गाड्या ओम्नीच्या कितीतरी पट जड, त्यामुळे आताच्या घोडीची नुसती मोठी आवृत्ती चालणार नाही. नवीन ड्रॉइंग तयार आहे, नमुना प्रेसवर दीडपट वजनाखाली तपासणं चालू आहे. ते मनासारखं होईपर्यंत तो माल आमच्या यादीत येणार नाही, आणि तोवर ट्रॅव्हलरवाल्यांनी आमच्या व्हॅनच्या घोड्या कृपा करून नेऊ नयेत. गाडी लिफ्ट असलेल्या वर्कशॉपलाच न्या.